पणजीची शाळा शोधताना: नाव दाखल झाल्याच्या नव्हे, कमी झाल्याच्या रकान्यापर्यंत जा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पणजीचा जन्म साधारण १९१४ चा, माहेर पुण्यात कसबा पेठेत. "ती मराठी चौथी शिकलेली" असं घरात सगळे सांगतात, पण तिच्या दोन बहिणींना सहीसुद्धा येत नव्हती. शाळा कोणती, चौथी खरंच झाली का, आज कागद मिळेल का? आणि पुण्यात मुलींच्या शाळा तेव्हा होत्या, तर बहिणी मागे का राहिल्या?

वरवर बघता यातला एक प्रश्न कागदाचा आणि दुसरा इतिहासाचा आहे. पण दोन्हींची उत्तरं एकाच वहीत असतात. ती वही म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर, ज्याला जुनी माणसं दाखल-खारीज रजिस्टर किंवा प्रवेश-निर्गम रजिस्टर म्हणतात. शाळा सोडल्याचा दाखला हा या वहीतल्या एका ओळीचा उतारा असतो. हजेरीपट, गुणपत्रकं, फीची पुस्तकं ठरावीक वर्षांनी नष्ट केली जातात. जनरल रजिस्टर मात्र कायम जपायचं असतं, म्हणून शंभर वर्षांपूर्वीचं काही हाती लागण्याची आशा इथेच आहे.

कागद मिळेलच असं सांगता येत नाही. शाळा नगरपालिकेची होती, खासगी संस्थेची की मिशनची, ती अजून चालू आहे का, इमारत कुठे होती, यावर सगळं अवलंबून आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा कसबा, शनिवार, नारायण अशा नदीकाठच्या पेठांत पाणी घुसलं आणि तळमजल्यावरच्या कपाटांतलं पुष्कळ दप्तर गेलं. कसब्यातल्या शाळेचा शोध घेताना ही शक्यता पहिल्यापासून लक्षात ठेवा. "जुनं रेकॉर्ड पुरात गेलं" हे उत्तर अनेकदा खरं असतं, कधी न शोधताच दिलेलं असतं. दोन्हींतला फरक कळायला एकच प्रश्न पुरतो: शाळेत आज असलेलं सर्वांत जुनं रजिस्टर कोणत्या सालापासूनचं आहे? ते १९६१ च्या आधीचं निघालं, तर सगळं वाहून गेलं हे म्हणणं टिकत नाही.

शोधाला निघण्याआधी घरी बसून चार गोष्टी पक्क्या करा. पहिली, पणजीचं माहेरचं पूर्ण नाव. आपल्याकडे लग्नात आडनावाबरोबर नावही बदलत असे, त्यामुळे तुम्हाला ठाऊक असलेलं नाव शाळेच्या वहीत बहुधा नसणारच. माहेरच्या वंशावळीतून, एखाद्या जुन्या पत्रातून, माहेरकडच्या वयस्कर नातेवाइकांकडून तिचं पाळण्यातलं नाव मिळवा. दुसरी गोष्ट वडिलांचं नाव आणि आजोबांचंही, कारण पुष्कळ नोंदींत आडनाव लिहिलेलंच नसतं. "रामा बिन गोविंदा" अशी नोंद दिसली तर बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईच्या नावापुढे कोम आलं तर अमक्याची बायको. शिकत असतानाच लग्न झालेल्या मुलीचं नाव मधेच सासरच्या नावाने लिहिलेलंही सापडतं. तिसरी गोष्ट घर नेमकं कुठे होतं: कोणता वाडा, कोणती आळी. सहा वर्षांची मुलगी चालत जाईल तेवढ्या अंतरातल्याच शाळा बघायच्या असतात. चौथी, जन्माचं साल कुठून कळलं. पत्रिकेवरून असेल तर शके सालात ७८ मिळवा, म्हणजे शके १८३६ ला १९१४. जन्म पौष ते फाल्गुन या महिन्यांतला, पण इंग्रजी वर्ष उलटल्यानंतरचा असेल तर ७९ मिळवायचे. एवढ्याने शोध एक वर्ष इकडेतिकडे होतो.

आता शाळा कोणती? घरातली माणसं शाळेचं आजचं नाव सांगतात, आणि तिथेच बहुतेकांची वाट चुकते. आजची विमलाबाई गरवारे प्रशाला म्हणजे जुनं भावे स्कूल. रेणुका स्वरूप म्हणजे मुलींचं भावे स्कूल. कोणी "अहिल्यादेवी" म्हणालं तर ते तुमच्या पणजीच्या बाबतीत जमत नाही, कारण ती शाळा १९३९ ची. हुजूरपागा १८८४ ची आहे, पण ती मुलींचं हायस्कूल म्हणून ओळखली जाते. कसब्यातल्या बेताच्या घरातली मुलगी मराठी पहिली-दुसरी शिकायला तिथेच गेली असेल असं धरून चालू नका. चौथीपर्यंतच शिकलेल्या मुलीसाठी सर्वांत आधी बघायची ती नगरपालिकेची मुलींची मराठी शाळा. या शाळा नावापेक्षा क्रमांकाने ओळखल्या जात, क्रमांक पुढे बदलले, शाळा एकमेकींत मिसळल्या, एकाच इमारतीत दोन-तीन भरू लागल्या. शाळा मिसळली की तिचं रजिस्टर ज्या शाळेत ती गेली तिथे जातं. म्हणून इमारतीच्या मागे न लागता आत्ता तिथे भरणाऱ्या शाळेच्या मुख्याध्यापकांना "या जागी आधी कोणती शाळा होती आणि तिचं दप्तर कुठे गेलं" असं विचारा. तिथे कळलं नाही तर महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण विभागात. पुणे महानगरपालिका १५ फेब्रुवारी १९५० ची, त्याआधी शहराची नगरपालिका होती, आणि कॅम्प आणि खडकीचा कारभार कॅन्टोन्मेंटकडे, म्हणजे वेगळ्याच कार्यालयात. पणजीचे वडील लष्करात किंवा कॅम्पातल्या दुकानात नोकरीला असतील तर हे महत्त्वाचं ठरेल.

दुसरी एक शक्यता सोडू नका. सेवासदन ही संस्था १९०९ पासून प्रौढ बायकांना आणि मुलींना शिकवत होतं. हिंगण्याला कर्व्यांचा आश्रम होता, तिथे राहून शिकता येई. पणजी लहानपणी नव्हे, लग्नानंतर किंवा वैधव्य आल्यावर शिकली असेल तर तिची "चौथी" वयाच्या दहाव्या वर्षी नव्हे, विसाव्या वर्षी झालेली असेल, आणि नगरपालिकेच्या शाळांत तुम्ही व्यर्थ पानं उलटत बसाल.

शाळा ठरली की अर्ज. "दाखल्याची दुय्यम प्रत द्या" असा अर्ज करू नका. दुय्यम दाखल्याचे नियम वेगळे आहेत, त्यात प्रतिज्ञापत्र लागतं, आणि मुळात रजिस्टर नंबर ठाऊक नसताना शाळा तो कशावरून देणार? त्याऐवजी "जनरल रजिस्टर पाहू द्यावं आणि नोंद सापडल्यास त्या नोंदीचा साक्षांकित उतारा द्यावा" असं लिहा. अर्जात पणजीचं माहेरचं नाव, वडिलांचं नाव, पत्ता, अंदाजे वर्षं, तुमचं तिच्याशी नातं आणि कारण द्या, सोबत ओळखपत्राची प्रत. कारण "कौटुंबिक इतिहास" असेल तर तसं स्पष्ट लिहा. जातीच्या दाखल्यासाठी हवं असेल तरी तेही स्पष्ट लिहा, कारण तेव्हा शाळा उताऱ्यावर रजिस्टर क्रमांक, पान, सही-शिक्का यांची जास्त काळजी घेते, आणि पुढे जात पडताळणी समितीचं दक्षता पथक मूळ वही तपासायला येतं.

बहुतेक मुख्याध्यापक मदत करतात. त्यांची अडचण वेळेची असते: जुनी वही माळ्यावर, शिपाई एक, आणि परीक्षांचे दिवस. म्हणून मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीच्या आधी-नंतर शांत दिवस विचारून जा. टाळाटाळच झाली तर महापालिकेच्या शाळेकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत ३० दिवस, न मिळाल्यास पहिलं अपील. "ही वैयक्तिक माहिती आहे" म्हणून नकार मिळाला तर कलम ८(३) दाखवा. २० वर्षांपूर्वी घडलेल्या गोष्टींच्या माहितीला तो नकार लागू होत नाही.

वही समोर आल्यावर काय बघायचं? रकाने साधारण असे असतात: अनुक्रमांक, मुलाचं नाव, बापाचं किंवा पालकाचं नाव, जात, राहण्याचं ठिकाण, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख आणि इयत्ता, मग सोडतानाची इयत्ता आणि ती केव्हापासून, सोडल्याची तारीख, कारण, शेरा. मथळे बालबोध, म्हणजे देवनागरीत छापलेले आणि आतला मजकूर मोडीत, असं त्या काळात सर्रास दिसतं. घाबरू नका. मोडीतले आकडे बहुतेक देवनागरीसारखेच दिसतात, त्यामुळे तारखा तुम्हाला लावता येतील. "ता. ६ माहे जून सन १९२१" अशी मांडणी असते. नावासाठी वाचक लागेल. भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा पुराभिलेखागारात मोडी जाणणारी माणसं भेटतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, शब्द तोडलेले नसतात, तेव्हा "माझ्या पणजीचं नाव असं लिहीत नाहीत" म्हणून नोंद सोडून देऊ नका.

शोधायची वर्षं मोठी घ्या. १९१४ चा जन्म घरच्या आठवणीतला, म्हणजे दोन-तीन वर्षं मागेपुढे. मुली सहाव्या ते आठव्या वर्षी दाखल होत. म्हणून १९१८ पासून १९२५ पर्यंतचे सगळे प्रवेश बघावे लागतील. वर्षाला शंभर प्रवेश धरले तरी आठशे नोंदी होतात. त्या पालकाच्या रकान्यावरून वाचा, मुलीच्या नावावरून नको. वडिलांचं नाव बदललेलं नसतं, आणि तसं वाचलं की बहिणीही त्याच चाळणीत सापडतात. जन्मतारखेवर फार विसंबू नका. नाव घालायला आलेला माणूस सांगेल ती किंवा गुरुजींनी अंदाजाने घातलेली तारीखही असते. स्वातंत्र्यानंतरच्या नोंदींत तर १ जून हीच तारीख पानामागून पान दिसते. पडताळा हवा असेल तर शहरातली जन्मनोंद आणि गावाकडचा जन्म असेल तर गाव नमुना नंबर १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते. तिथे बाळाचं नाव नसतं, "मुलगी" एवढंच असतं, पण बापाचं नाव आणि तारीख मिळते.

आता तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येतो, आणि मला सर्वांत महत्त्वाचा तोच वाटतो. लोक पहिल्या रकान्यात नाव सापडलं की फोटो काढतात आणि आनंदाने घरी जातात. खरी गोष्ट त्याच ओळीच्या उजव्या टोकाला असते. समजा, नोंद अशी आहे (हा केवळ नमुना): दाखल जून १९२१, इयत्ता बिगरी. सोडतानाची इयत्ता दुसरी, जून १९२३ पासून. नाव कमी केल्याची तारीख मार्च १९२५. कारण: गैरहजर. बिगरी हा पहिलीच्याही आधीचा वर्ग. म्हणजे मुलगी चार वर्षं पटावर होती, पण दुसरी ओलांडून गेली नाही. दुसरीतच दोन वर्षं काढली आणि मग यायचीच बंद झाली. घरात सांगताना या मुलीचं "चार वर्षं शाळेत गेली" होतं आणि पुढच्या पिढीत "चौथी शिकली". तुमच्या पणजीचं तसंच झालं असेल असं नाही. पण दोन्ही आकडे एकच समजले जातात, म्हणून इयत्ता आणि वर्षं वेगवेगळी लिहून घ्या.

एका मुलीचं असं होणं ही त्या काळात अपवादाची गोष्ट नव्हती. १९२९ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हार्टोग समितीने ब्रिटिश हिंदुस्थानातले आकडे मांडले, त्यात १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर १०० मुलांमागे १९२५-२६ मध्ये चौथीत फक्त १८ होती. नेमकी तुमच्या पणजीचीच वर्षं. चौथी पार करणारं मूल लिहितंवाचतं राहण्याची शक्यता बरी असते, दुसरीतून सुटलेलं मूल काही वर्षांत अक्षरं विसरतं. "सहीसुद्धा येत नव्हती" अशा बहिणींचं नाव पटावर सापडलं, तर म्हणूनच आश्चर्य मानू नका.

"शाळा होत्या" आणि "शाळा खुल्या होत्या" या दोन गोष्टींत पुण्यात फार मोठं अंतर होतं, आणि ते हळूहळू, भांडून कमी करावं लागलं. १८२१ साली कंपनी सरकारने विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली, ब्राह्मणांना देण्याच्या दक्षिणा फंडाच्या पैशातून, ती ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये बुधवार पेठेत भिडेवाड्यात मुलींसाठी शाळा सुरू केली, तिच्यामागे सरकारी तिजोरी नव्हती. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्यावरून वाद वर गेला आणि निव्वळ सरकारी खर्चाच्या शाळा सर्वांना खुल्या असं धोरण १८५८ मध्ये ठरलं. पण सार्वजनिक विहिरी आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर व्हायला १९२३ उजाडावं लागलं. धोरण पासष्ट वर्षं कागदावर होतं आणि तरीही ठराव लागला, यावरून शाळेच्या दारात काय चालत असेल ते कळतं. तुमचं घर कोणत्या समाजाचं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण कोणती शाळा शोधायची हे त्यावरही ठरेल, कारण अस्पृश्य मुलांसाठी वेगळ्या शाळा चालत आणि त्यांची रजिस्टरं वेगळी होती.

सक्तीच्या शिक्षणाचीही अशीच गोष्ट आहे. फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढच्या निवेदनात बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं मागितलं. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ ला अमरेली भागात सक्ती आणली आणि १९०६ पासून सगळ्या संस्थानात. पुण्याच्याच गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कौन्सिलात विधेयक आणलं, ते अगदी माफक होतं: सहा ते दहा वयाचे मुलगे, आणि तेही ज्या नगरपालिकेला हवं असेल तिथेच. ते १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ मध्ये सक्ती केली, मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांचा कायदा १९१८ चा, नगरपालिकांना सक्तीचा अधिकार देणारा. आणि तो अधिकार वापरताना पुण्याच्या नगरपालिकेत वाद कशावर झाला? मुलींना सक्तीत धरायचं की नाही यावर. पैसा पुरत नाही, आधी मुलांचं बघू, असं म्हणणारा मोठा गट होता. त्याविरुद्ध १९२० मध्ये रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यातल्या बायकांनी मोर्चा काढला. तुमची पणजी तेव्हा सहा वर्षांची होती. तिच्या वयाच्या मुलींनाच त्या सक्तीत धरायचं की नाही, याचा तो वाद होता.

म्हणून बहिणींबद्दल "घरच्यांनी शिकवलं नाही" असा निष्कर्ष लगेच काढू नका. थोरली असेल तर ती सक्तीच्या वादाआधी शाळेच्या वयाची झाली होती, आणि धाकट्या भावंडांना सांभाळायलाही थोरलीच घरी राहायची. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत कुणी गेलं का ते विचारा. घरातली कर्ती बाई गेली की मुलीची शाळा सुटत असे. बिगरीपासून चौथी पुरी व्हायला पाच वर्षं लागत, सहाव्या वर्षी गेलेली मुलगी अकराव्या वर्षी चौथी होई, आणि तेच लग्नाचं वय होतं. लग्नाचं किमान वय मुलींसाठी चौदा करणारा सारडा कायदा १९२९ चा, लागू झाला १९३० मध्ये. म्हणजे तुमच्या पणजीला त्याचा उपयोग नव्हता. तिची चौथी खरोखर पुरी झाली असेल तर तिचं लग्न एक-दोन वर्षं कुणीतरी लांबवलं होतं, किंवा लग्नानंतरही कुणीतरी तिला शाळेत पाठवत होतं. नाव कमी झाल्याची तारीख आणि लग्नाची तिथी शेजारी ठेवा, यातलं कोणतं ते दिसेल.

सोडण्याच्या कारणाचे शब्दही नीट वाचा. "लग्न झाले", "गाव सोडले", "सतत गैरहजर", "वरच्या शाळेत गेली" हे नेहमीचे. "गैरहजर" हे सर्वांत फसवं कारण आहे. घरून कोणी सांगायला आलं नाही की गुरुजी काही आठवडे वाट बघून तेच लिहीत, मग खरं कारण लग्न असो, आजारपण असो की फी. त्याच तारखेला त्याच पानावर आणखी किती नावं कमी झाली आहेत ते मोजा. दहा-बारा असतील तर ती पटाची झाडाझडती किंवा साथ. एकटंच असेल तर कारण घरातलं.

नोंद सापडली की फक्त ओळीचा फोटो घेऊन थांबू नका. वहीचं मुखपृष्ठ, म्हणजे शाळेचं तेव्हाचं नाव आणि क्रमांक, मथळ्यांची पट्टी, संपूर्ण पान आणि त्या पानाच्या आधीचं व नंतरचं पान असे फोटो परवानगी घेऊन काढा. साक्षांकित उताऱ्यावर रजिस्टर क्रमांक आणि पान क्रमांक आहेत का ते तिथेच तपासा. खाडाखोड किंवा वेगळ्या शाईतली दुरुस्ती असेल तर ती उताऱ्यात जशीच्या तशी नमूद करायला सांगा. बहिणींची नावं त्या शाळेत सापडली नाहीत, तर तेवढ्याच अंतरावरच्या दुसऱ्या मुलींच्या शाळेची १९१२ ते १९२८ ची रजिस्टरं मागा. एका घरातल्या तीन मुली एकाच शाळेत गेल्या असतील असं गृहीत धरू नका, कारण दरम्यान घर बदललं असेल किंवा जवळ नवी शाळा निघाली असेल.